रक्त गाळणाऱ्या यंत्रातून चुंबक का निघाला

दोन शोधनिबंध आहेत आणि त्यांच्यात जेमतेम वर्षभराचं अंतर आहे. पहिला २०१४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला, दुसरा २०१५ मध्ये ‘बायोमटेरियल्स’मध्ये. दोन्ही बॉस्टनच्या विस इन्स्टिट्यूटमधल्या एकाच गटाचे. कामही एकच: सेप्सिस झालेल्या शरीरातलं रक्त नळीवाटे बाहेर काढायचं, त्यातले जंतू वेचून घ्यायचे आणि रक्त परत आत सोडायचं. जंतू पकडणारं प्रथिनसुद्धा दोन्हीकडे तेच. मात्र पहिलं यंत्र ज्याच्या बळावर चालत होतं, तो चुंबक दुसऱ्या यंत्रात कुठेच नाही.

पहिल्या यंत्राचा मोठा गाजावाजा झाला होता. ‘कृत्रिम प्लीहा’ म्हणून त्याची चित्रं सगळीकडे छापून आली. अशा यशानंतर बहुतेक गट तेच यंत्र आणखी सफाईदार करत बसले असते. इथे त्यातला सगळ्यात देखणा भाग काढून टाकला गेला. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या भागासाठी. तो का आला, का गेला आणि शेवटी कुठे जाऊन बसला, हे पाहिलं की संसर्गाच्या प्रश्नाकडे इंजिनिअर कसे बघतात ते नीट कळतं.

अडचण काय होती

सेप्सिस म्हणजे नुसते रक्तात जंतू असणं नव्हे. संसर्गाला शरीर जो प्रतिसाद देतं तोच हाताबाहेर जातो आणि त्यातून मूत्रपिंड, फुप्फुसं, यकृत, मेंदू असे अवयव बिघडायला लागतात. २०१६ मध्ये ठरलेल्या व्याख्येचा गाभा हाच आहे. जगभरचे आकडे गोळा करून २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने एकट्या २०१७ या वर्षासाठी सेप्सिसचे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू असा अंदाज मांडला.

उपचार म्हणजे प्रतिजैविकं, सलाइन, रक्तदाब टिकवणारी औषधं, आणि संसर्गाचं मूळ शोधून ते काढणं. यात घड्याळ फार निर्दय असतं. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णांवरचा २००६ मधला एक अभ्यास अतिदक्षता विभागांत आजही सांगितला जातो: रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविक मिळायला जितके तास उशीर, तितक्या वेळा वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेली होती. पण योग्य प्रतिजैविक कोणतं हे कळायला जंतू कोणता ते कळावं लागतं. त्यासाठी रक्ताचं कल्चर लावायचं आणि जंतू वाढायची वाट बघायची. त्यात एक ते पाच दिवस जातात, आणि पुष्कळ रुग्णांच्या कल्चरमध्ये काही उगवतच नाही.

उगवत नाही याचं एक साधं कारण संख्येत आहे. मोठ्या माणसाच्या रक्तात संसर्ग असतानाही एका मिलिलिटरमध्ये बहुधा दहाच्या आतच जिवंत जीवाणू असतात, कित्येकदा एकही नसतो. त्याच मिलिलिटरमध्ये तांबड्या पेशी मात्र पाचशे कोटींच्या आसपास. म्हणून कल्चरच्या एका जोडीला वीसेक मिलिलिटर रक्त लागतं. आजाराचं थैमान इतकं मोठं आणि त्यामागचा जंतू इतका विरळ, हा विरोधाभास मनात ठेवावा. पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी जोडलेले आहेत.

यंत्राची कल्पना याच कोंडीतून निघाली. जंतू ओळखायला वेळ नसेल, तर तो न ओळखताच काढून टाकता येईल का?

२००९: पहिली चाल आणि तिची मर्यादा

विस इन्स्टिट्यूट हार्वर्ड विद्यापीठात २००९ मध्ये सुरू झाली. हान्सयोर्ग विस या स्विस उद्योजकाने तिला १२ कोटी ५० लाख डॉलर दिले होते. पेशींवर पडणारा ताण आणि दाब यांचा आयुष्यभर अभ्यास केलेले डोनाल्ड इंगबर हे तिचे संस्थापक संचालक. निसर्गाने जी कामं आधीच उत्तम करून दाखवली आहेत त्यांची रचना समजून घ्यायची आणि तिच्यावरून यंत्रं घडवायची, ही तिथली कामाची पद्धत. फुप्फुसाच्या पेशी चिपवर श्वास घेतल्यासारख्या ताणायच्या, ही २०१० मधली गोष्ट तिथलीच.

रक्त गाळण्याची पहिली खटपटही २००९ मधलीच. इंगबर यांच्या गटाने तेव्हा एक छोटं सूक्ष्मप्रवाही उपकरण दाखवलं. चुंबकीय मण्यांवर कँडिडा या बुरशीला ओळखणारी प्रतिपिंडं बसवली, ते मणी बुरशी मिसळलेल्या मानवी रक्तात सोडले, आणि रक्त बारीक नळीतून वाहत असताना बाजूने चुंबक लावून मणी व त्यांना चिकटलेली बुरशी ओढून घेतली. ताशी २० मिलिलिटर प्रवाहाला ८० टक्क्यांहून जास्त बुरशी निघाली.

चांगलं काम. पण त्याच्या आतच त्याची हद्द होती. प्रतिपिंड एकच जंतू ओळखतं. म्हणजे मणी निवडण्याआधी जंतूचं नाव माहीत हवं, आणि नाव माहीत असतं तर निम्मं काम झालंच असतं. शिवाय ताशी २० मिलिलिटर म्हणजे माणसाचं पाच लिटर रक्त एकदा फिरवायला अडीचशे तास.

साखर ओळखणारं प्रथिन

पहिल्या मर्यादेचं उत्तर माणसाच्याच शरीरात सापडलं. आपलं यकृत मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन नावाचं एक प्रथिन बनवतं. एका दांड्यातून निघालेल्या फुलांच्या गुच्छासारखा त्याचा आकार असतो. गुच्छाची टोकं जंतूंच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक शर्करांना चिकटतात: मॅनोज, एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन, फ्यूकोज. जीवाणू, बुरशी आणि कित्येक विषाणू यांच्या अंगावर या शर्करा उघड्यावर असतात. आपल्या पेशींवरच्या साखळ्यांचा शेवट मात्र बहुधा गॅलॅक्टोज किंवा सायलिक आम्लाने होतो आणि त्यांच्याकडे हे प्रथिन ढुंकूनही बघत नाही. म्हणजे ‘हा कोण?’ असं न विचारता ‘हा घरचा की बाहेरचा?’ एवढंच विचारणारं प्रथिन. तातडीच्या वेळी नेमका तोच प्रश्न पुरेसा असतो.

पण नैसर्गिक स्वरूपात ते यंत्रात घालणं धोक्याचं. गुच्छाच्या दांड्याला काही विकरं (एन्झाइम) चिकटलेली असतात. प्रथिनाने जंतू पकडला की ती विकरं जागी होतात, ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची संरक्षणाची साखळी पेटवतात आणि रक्त गोठण्याच्या प्रक्रियेलाही हात घालतात. निरोगी शरीरात हे उपयोगी. सेप्सिसमध्ये नेमकी हीच आग आधीपासून भडकलेली असते.

म्हणून संशोधकांनी प्रथिन कापलं. शर्करा ओळखणारी डोकी आणि त्यांच्या लगतची मान ठेवली, विकरं धरून ठेवणारा दांडा काढून टाकला आणि त्या जागी मानवी प्रतिपिंडाचं शेपूट, म्हणजे ‘एफसी’ हा भाग, जोडला. या नव्या प्रथिनाचं नाव एफसी-एमबीएल. शेपटामुळे ते कारखान्यात बनवणं आणि शुद्ध करणं सोपं झालं. पकडायचं आणि आरडाओरडा करायचा नाही, असा स्वभाव त्याला मिळाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात टिकणारी गोष्ट हीच आहे. यंत्रं तिच्याभोवती बदलत गेली.

एक बारकावा इथेच सांगून ठेवतो. ही पकड कॅल्शियमवर अवलंबून आहे. कॅल्शियमचा आयन शर्करा आणि प्रथिन यांच्यामध्ये कडीसारखा बसतो. कॅल्शियम काढून घेतलं की पकड सुटते. शरीराबाहेर फिरणारं रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरतात आणि सायट्रेट नेमकं कॅल्शियमच गिळतं. म्हणजे रक्त गोठण्यापासून वाचवायला जावं तर जंतू हातातून निसटणार. हेपारिन हे दुसरं गोठणरोधक औषध वापरलं तर कॅल्शियमला धक्का लागत नाही, पण सेप्सिसच्या रुग्णाची गोठण्याची व्यवस्था आधीच विस्कटलेली असते आणि हेपारिनने रक्तस्राव होण्याची भीती असते. याच संस्थेत २०१४ मध्ये नळ्यांच्या आतून देण्याचा एक निसरडा लेप तयार झाला. कीटक घसरून पडावेत म्हणून घटपर्णी वनस्पतीच्या कलशाची कडा जशी ओलसर आणि निसरडी असते, त्या कल्पनेवरून जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने आधी असे पृष्ठभाग बनवले होते. ती कल्पना रक्ताच्या नळ्यांवर आणली आणि डुकरांमध्ये आठ तास, गोठणरोधक औषध न देता, रक्त नळीतून वाहतं राहिलं. वनस्पतीच्या अभ्यासाचा धागा सेप्सिसच्या यंत्रापर्यंत येणं एकाच छपराखालीच सहज घडतं.

२०१४: प्लीहेची नक्कल

प्लीहा म्हणजे आपल्या शरीरातलं रक्ताचं गाळणीघर. तिथे धमनीतून वेगाने आलेलं रक्त रुंद, संथ पोकळ्यांमध्ये शिरतं, फटींमधून वाट काढतं आणि त्या संथपणात नको असलेलं वेचलं जातं. २०१४ च्या यंत्रात हीच रचना प्लॅस्टिकमध्ये उतरवली होती. एका बाजूला रक्ताचा वेगवान मार्ग, शेजारी सलाइनने भरलेला संथ मार्ग आणि दोन्हींच्या मध्ये उघड्या फटी. रक्त यंत्रात शिरण्याआधी त्यात एफसी-एमबीएलने मढवलेले नॅनो आकाराचे चुंबकीय मणी मिसळायचे. मणी जंतूंना चिकटतात. पुढे चुंबक त्यांना फटीतून खेचून सलाइनच्या बाजूला नेतो. रक्त परत शरीरात, मणी आणि जंतू बाहेर.

एका यंत्रातून ताशी सव्वा लिटरपर्यंत मानवी रक्त प्रयोगशाळेत स्वच्छ होत होतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा ई. कोलाय टोचलेल्या उंदरांच्या रक्तातले ९० टक्क्यांहून जास्त जीवाणू निघाले, अवयवांमध्ये शिरणारे जंतू आणि दाहक पेशी कमी झाल्या. एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या कवचातलं विष, दिलेल्या उंदरांमध्ये पाच तासांच्या उपचारानंतर जगण्याचं प्रमाण वाढलं. या कामाला अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेचा पाठिंबा होता. जखमी सैनिकाच्या रक्तात कोणता जंतू शिरलाय हे रणांगणाजवळ कोण शोधत बसणार, हा त्यामागचा विचार.

या यंत्राचं सौंदर्य मला मान्य आहे. तरी ते खाटेजवळ नेण्याचा विचार केला की हिशेब मांडावा लागतो. पुढचा हिशेब माझा आहे आणि मुद्दाम यंत्राच्या बाजूने उदार ठेवला आहे.

समजा, यंत्रातून गेलेल्या रक्तातला प्रत्येक जंतू निघतो. शरीरात पाच लिटर रक्त आहे, प्रवाह ताशी सव्वा लिटर. वरवर वाटतं की चार तासांत काम संपलं. पण तसं होत नाही. स्वच्छ झालेलं रक्त परत मळक्या रक्तातच मिसळतं. एक पाण्याची टाकी रिकामी न करता तिच्यातून पाणी काढून, गाळून, पुन्हा तिच्यातच सोडावं तसं हे आहे. पाच लिटर फिरल्यावरही ३७ टक्के जंतू शिल्लक राहतात, दहा लिटरनंतर साडेतेरा टक्के. ९० टक्के काढायला साडेअकरा लिटर रक्त फिरावं लागतं, म्हणजे सव्वानऊ तास.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जंतू या काळात स्वस्थ बसत नाहीत. यंत्र तासाला रक्ताच्या पाव हिश्शाइतकं काम करतं. जंतूंची संख्या पावणेतीन तासांच्या आत दुप्पट होत असेल, किंवा पोटातल्या गळवातून, फुप्फुसातून, जखमेतून त्या वेगाने नवे जंतू रक्तात येत असतील, तर यंत्र अखंड चालूनही हरत जाणार.

उंदराला हे आकडे लागू होत नाहीत. तीनशे ग्रॅमच्या उंदरात रक्त साधारण वीस मिलिलिटर, माणसाच्या अडीचशेव्या हिश्शाइतकं. तिथे लहान प्रवाहसुद्धा बघता बघता सगळं रक्त फिरवून टाकतो.

मग प्रवाह वाढवावा? इथे चुंबक आडवा येतो. मण्यावर चुंबकाचं बळ त्याच्या आकारमानाच्या प्रमाणात लागतं, तर रक्ताचा अडसर त्याच्या व्यासाच्या प्रमाणात. मण्याचा व्यास निम्मा केला की ओढ आठव्या हिश्शावर येते आणि अडसर फक्त निम्मा होतो, म्हणजे मणी चौपट सावकाश सरकतो. लहान मणी हवेत, कारण तितक्याच वजनात त्यांचा पृष्ठभाग जास्त मिळतो आणि विरळ जंतूंना ते लवकर गाठतात. आणि लहान मणी नकोत, कारण वाहत्या रक्तातून ते ओढून घ्यायला वेळ लागतो. रक्ताचा वेग वाढवला की तोच वेळ कमी पडतो. एका जंतूला अनेक मणी चिकटले तर ते मिळून जोर लावतात, हे खरं. पण ज्यांना काहीच चिकटलेलं नाही असे एकटे मणीसुद्धा रक्तातून परत काढावेच लागतात.

आणि हा शेवटचा मुद्दा निर्णायक होता असं मला वाटतं. यंत्रं समांतर जोडून प्रवाह वाढवता येईल, पण मग मण्यांचा डोसही तितकाच वाढणार. चुंबकापासून निसटलेला प्रत्येक मणी रुग्णाच्या शरीरात जाणार. म्हणजे यंत्राला दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या: जंतू निघाले आणि आपणच घातलेलं सगळं निघालं. दुसरी गोष्ट शून्यापर्यंत नेऊन दाखवणं फार कठीण, आणि अत्यवस्थ माणसाच्या बाबतीत ती गृहीत धरता येत नाही.

२०१५: मणी गेले, चुंबक गेला

दुसऱ्या निबंधातलं यंत्र दिसायला अगदी सामान्य आहे. डायलिसिसमध्ये वापरतात तसल्या, बाजारात मिळणाऱ्या पोकळ तंतूंच्या गाळण्या. पॉलिसल्फोन किंवा पॉलिईथरसल्फोन या प्लॅस्टिकचे केसासारखे बारीक, आतून पोकळ तंतू, हजारोंच्या संख्येने एका नळकांड्यात बांधलेले. त्यांच्या पृष्ठभागावर एफसी-एमबीएल पक्क्या रासायनिक बंधाने बसवलं. रक्त तंतूंमधून वाहतं, जंतू भिंतीला चिकटून राहतात. रक्तात काही मिसळायचं नाही, म्हणून काही परत काढायचंही नाही.

मानवी रक्तात प्रयोगशाळेत ई. कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कँडिडा आणि एंडोटॉक्सिन ९० ते ९९ टक्के निघाले. उंदरांच्या रक्तातलं जंतूंचं आणि एंडोटॉक्सिनचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलं.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू. अतिदक्षता विभागात अस्थिर रुग्णाला लावतात त्या सावकाश डायलिसिसमध्येही मिनिटाला दोनशे मिलिलिटर रक्त फिरवता येतं, म्हणजे ताशी बारा लिटर. या वेगाला गाळणीने तितकंच चोख काम केलं असं धरलं, तर ९० टक्के जंतू काढायला एक तासही लागत नाही. आणि सतरा मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जंतूशीसुद्धा तिची बरोबरी होते. प्रत्यक्षात एका फेरीत सगळे जंतू भिंतीपर्यंत पोहोचणार नाहीत, तेव्हा आकडे याहून कमीच भरतील. तरी अंतर दहापटीचं आहे, थोडंफार कमी पडलं तरी चालण्यासारखं.

यात अभिमान बाजूला ठेवावा लागला असणार, हे उघड आहे. प्लीहेची नक्कल करणारं यंत्र हे संस्थेच्या नावाला साजेसं होतं. डायलिसिसचं नळकांडं कुठल्याही रुग्णालयाच्या कोठारात असतं. पण त्या कोठारात असण्यातच त्याची ताकद आहे. पंप आहेत, नळ्या आहेत, ते चालवणाऱ्या परिचारिका आहेत, हवेचा बुडबुडा आला तर काय करायचं हे त्यांना माहीत आहे. नवीन असतो तो फक्त भिंतीवरचा अदृश्य थर.

मेलेले जंतू

या निबंधातला सगळ्यात मोलाचा भाग यंत्राबद्दलचा नाहीच.

जीवाणू मारणारी प्रतिजैविकं दिली की जीवाणू फुटतात आणि त्यांच्या कवचाचे तुकडे रक्तात पसरतात. शरीराला जिवंत जीवाणू आणि त्याचा तुकडा यांत फारसा फरक वाटत नाही. आपल्या पेशी जी खूण ओळखून भडकतात ती खूण तुकड्यावरही असतेच. उंदरांमध्ये संशोधकांनी हे मोजलं. प्रतिजैविकानंतर रक्तातले असे तुकडे मोठ्या प्रमाणावर वाढले. केवळ प्रतिजैविक दिलेल्या उंदरांमध्ये ते वाढलेलेच राहिले. जोडीला गाळणी लावली तेव्हा दोन तासांत ते निघून गेले.

इथे प्रश्नच बदलतो. सुरुवातीला यंत्र प्रतिजैविकाला पर्याय म्हणून, निदान ते मिळेपर्यंतची सोय म्हणून बघितलं जात होतं. आता ते प्रतिजैविकाचा जोडीदार ठरतं. औषधाने मारायचं आणि गाळणीने मढं उचलायचं. कल्चरमध्ये काही न उगवणाऱ्या रुग्णालाही याचा उपयोग संभवतो, कारण जिवंत जंतू संपले तरी तुकडे उरलेले असू शकतात. शर्करा ओळखणाऱ्या प्रथिनामुळेच हे दिसलं. फक्त जिवंत जंतू मोजत बसलं असतं तर औषध लागू पडलं असं लिहून गट मोकळा झाला असता.

उंदरापासून माणसापर्यंत

इथे मला पाय जमिनीवर ठेवून लिहायला हवं, कारण सेप्सिसच्या संशोधनात उंदरांमधल्या यशांची रांग लांब आहे आणि माणसांमधल्या यशांची फार आखूड.

एंडोटॉक्सिनचंच घ्या. निरोगी स्वयंसेवकाला शरीराच्या किलोमागे काही नॅनोग्रॅम टोचलं तरी ताप आणि थंडी वाजून येते. उंदराला शॉकमध्ये ढकलायला मिलिग्रॅमच्या घरात डोस लागतो, म्हणजे लाखो पटींनी जास्त. त्यातून, प्रयोगातल्या उंदराला संसर्ग कधी झाला ते मिनिटासह माहीत असतं आणि उपचार लगेच सुरू होतो. माणूस दवाखान्यात येतो तेव्हा आग लागून दिवस उलटलेला असतो, आणि रक्त स्वच्छ केलं तरी अवयवांमधलं नुकसान तिथेच राहतं.

रक्तातून एंडोटॉक्सिन काढण्याचा प्रयत्न नवा नाही. जपानमध्ये पॉलिमिक्सिन-बी हे एंडोटॉक्सिनला चिकटणारं औषध बसवलेल्या तंतूंची गाळणी १९९० च्या दशकापासून वापरात आहे. तिची उत्तर अमेरिकेतली ‘युफ्रेटीस’ ही मोठी चाचणी २०१८ मध्ये ‘जामा’मध्ये प्रसिद्ध झाली. सेप्टिक शॉक आणि रक्तात एंडोटॉक्सिन जास्त असलेले ४५० रुग्ण त्यात होते. २८ दिवसांनंतर मृत्यूंच्या प्रमाणात गाळणी लावलेल्या आणि न लावलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. औषधांच्या बाजूनेही तेच. सेप्सिससाठी २००१ मध्ये मान्यता मिळालेलं सक्रिय प्रोटीन-सी हे औषध, पुढच्या चाचणीत उपयोग न दिसल्याने, २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं.

म्हणून एफसी-एमबीएलच्या गाळणीबद्दल माझं मत असं: ती पॉलिमिक्सिनच्या गाळणीपेक्षा जास्त प्रकारचे जंतू आणि तुकडे पकडते, ही तिची खरी जमेची बाजू. पण ‘रक्तातून काढलं’ आणि ‘माणूस वाचला’ यांच्यामध्ये जी दरी आहे, ती पकडीची टक्केवारी वाढवून बुजत नाही. कोणत्या रुग्णाला, कितव्या तासाला लावायची, हे ठरवता आलं नाही तर चांगली गाळणीही वाया जाते. रुग्ण निवडायचे तर रक्तात तुकडे आहेत की नाहीत, हे तासाभरात सांगणारी तपासणी हवी.

चुंबक पुन्हा येतो

ती तपासणी याच गटाने बनवली. २०१६ मध्ये ‘ईबायोमेडिसिन’मध्ये आलेल्या निबंधात चुंबकीय मणी परत दिसतात, अंगावर तेच प्रथिन मढवलेले. फक्त या वेळी ते रुग्णाच्या रक्तप्रवाहाशी जोडलेले नाहीत. काढलेल्या रक्ताच्या नमुन्यात, परीक्षानळीत आहेत. मणी मिसळायचे, जंतू आणि तुकडे त्यांना चिकटू द्यायचे, चुंबकाने मणी कडेला ओढायचे, धुवायचे, आणि काय सापडलं ते रंगाच्या तीव्रतेवरून मोजायचं. जंतू वाढायची वाट बघायची नाही. तासाच्या आत उत्तर.

५५ प्रजातींपैकी ४७ प्रजातींच्या खुणा या तपासणीला पकडता आल्या. उरलेल्या आठ प्रजाती निसटतात हे विसरायचं नाही. ‘न ओळखता पकडणं’ म्हणजे सगळंच पकडणं नव्हे. प्राण्यांमध्ये प्रतिजैविक दिल्यानंतर, कल्चर कोरं आलेलं असतानाही तिने संसर्ग दाखवला. आणि मग माणसं: आपत्कालीन विभागात सेप्सिसच्या संशयाने आलेल्या ६७ रुग्णांपैकी ५५ जणांमध्ये तिने संसर्ग ओळखला. संवेदनशीलता, म्हणजे संसर्ग असलेल्यांना अचूक ओळखण्याचं प्रमाण, ८१ टक्क्यांच्या वर; विशिष्टता, म्हणजे संसर्ग नसलेल्यांना अचूक वगळण्याचं प्रमाण, ८९ टक्क्यांच्या वर. अपघातातल्या मारामुळे आलेला दाह आणि संसर्गाचा दाह यांतला फरकही तिने सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या दाह मोजायच्या नेहमीच्या तपासणीपेक्षा चांगला दाखवला. ६७ हा आकडा लहान आहे आणि यावरून कुणाचे उपचार थांबवता येणार नाहीत. पण या प्रथिनाची माणसांच्या रक्ताशी अशी गाठ पडली हे महत्त्वाचं.

गाळणीत चुंबकाला जे जमत नव्हतं, ते सगळं इथे जमतं. नमुना थोडा, म्हणून प्रवाहाचा प्रश्न नाही. नळी स्थिर ठेवता येते, म्हणून लहान मण्यांना सरकायला हवा तितका वेळ देता येतो. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच घातलेल्या द्रव्याने कॅल्शियम गिळलं असेल तर वरून कॅल्शियम घालता येतं. आणि एखाददुसरा मणी निसटून रक्तात राहिलाच, तरी ते रक्त परत कुणाच्या अंगात जायचं नसतं.